बदकांचं दार

"हात धू," परुळेकर सिस्टर म्हणाल्या. "साबणानं. कोपरापर्यंत."

"एकच गोगलगाय तर उचलली."

"एक असो नाहीतर शंभर. ही उंदरांच्या लेंड्यांवरून फिरून येते. तिच्या शेंबडात काय असतं ते डोळ्यांना दिसत नाही, एवढंच. चिमटा दिलाय ना तुला?"

मी टाकीपाशी जाऊन हात धुतले. मागे भागी हसली. ती तोंडावर पदर धरून हसायची, पण हसताना तिचं काम थांबत नसे. आदल्या संध्याकाळी गुळाच्या पाण्यात बुडवून वाफ्यांमध्ये अंथरलेलं गोणपाट तिनं एका हातानं उलटलं. खाली गोगलगायी एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. मुठीएवढ्या, तपकिरी पट्ट्यांच्या शंखातल्या. एकेक चिमट्यानं उचलून ती साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाकत होती. बारक्या मात्र तशाच ठेवायची. त्या बदकांच्या.

"सोडू का?" तिनं विचारलं.

सिस्टरनी मान हलवली. भागीनं खुराड्याचं दार उघडलं आणि अकरा बदकं रांगेनं, डुलत, भांडत वाफ्यांत घुसली.

ही गोष्ट एक्क्याण्णव सालची, श्रावणातली. मी चोवीस वर्षांचा होतो. साताऱ्याकडचा. शेतकीची पदविका घेऊन पहिलीच नोकरी करायला दापोलीजवळच्या त्या गावात आलो होतो. सुमती परुळेकर एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी माहेरच्या पडीक जागेत कलमांची रोपवाटिका काढली. आंबा, काजू, कोकम, जायफळ. गाव त्यांना सिस्टरच म्हणायचं, म्हणून मीही. भागी समोरच्या वाडीतली, शेताच्या बांधावरून दहा मिनिटांवर राहणारी. तिचा नवरा शिवराम मुंबईला छापखान्यात होता. घरी म्हातारा सासरा, धाकूबाबा. आणि त्या दिवसांत पहिल्या बाळंतपणाला आलेली मुलगी, वनिता. भागी माझ्यापेक्षा वीस वर्षांनी तरी मोठी असेल. पण मी तिला एकेरीच हाक मारायचो, आणि ती मला साहेब म्हणायची.

गोगलगायी त्या वर्षीच आल्या. कोणी म्हणे कुठून तरी आणलेल्या कुंड्यांच्या मातीतून, कोणी म्हणे चिऱ्यांच्या ट्रकमधून. आषाढात दहा-वीस दिसल्या. श्रावणात सकाळी दार उघडलं की पायरीवर, भिंतीवर, नळावर, सगळीकडे चकचकीत चिकट रेघा. कलमाचा कोवळा शेंडा त्या असा कापायच्या की वाटावं, कोणी नखानं खुडून नेलाय. माती उकरली की साबुदाण्यासारखी अंडी सापडायची. एकेका जागी शंभर, दोनशे.

सिस्टरनी सगळं सुरू केलं. गोणपाटं, पपईची पानं, उपड्या करवंट्या, कलमांच्या मांडवाच्या पायांना तांब्याची पट्टी, शेडच्या भोवती चुन्याची फक्की. चुना पहिल्याच सरीत चिखल झाला. पण वेचणं थांबलं नाही. रोज सकाळी तास, रोज संध्याकाळी तास. त्या वहीत आकडा लिहून ठेवायच्या. सातशे. सहाशे ऐंशी. सातशे दहा.

"हे असं कधी संपणार?" मी एका सकाळी म्हणालो.

"संपणार नाही. कमी होईल. अंडी वेचतोय आपण, बदकं पिलं खातायत. अजून तीन आठवडे."

"शनिवारी समिती येतेय, सिस्टर."

शासनमान्य रोपवाटिका म्हणून आम्हाला दाखला मिळायचा होता. अर्ज मी केला होता, खेटे मी घातले होते. त्या अर्जावरून कृषी खात्यातली दोन माणसं येणार होती, आणि त्यातल्या एकानं मला हसून सांगितलं होतं की काम चांगलं दिसलं तर तुझ्यासारखा माणूस खात्यातही लागेल. हे मी सिस्टरना सांगितलं नव्हतं.

"येऊ देत की," सिस्टर म्हणाल्या. "गोगलगायी त्यांनाही माहीत असतील."

"निम्म्या कलमांना शेंडे नाहीत. एक पूड मिळते. कोंड्यात कालवायची, एका रात्रीत काम होतं. सगळे वापरतात."

त्या पायरीवर बसल्या. चिमटा बाजूला ठेवला.

"बस इथं," त्या म्हणाल्या. "पावसाळ्यात माझ्या वॉर्डात दर आठवड्याला एक तरी यायचा. कोणी ही पूड मुद्दाम घेतलेली, कोणी ती हाताळून हात न धुता भाकरी खाल्लेली. तोंडातून लाळेची धार. अंगाचं पाणी पाणी. आणि डोळ्यांची बुबुळं मोहरीएवढी झालेली. एकदा ते डोळे बघितले ना, उद्धव, की माणूस ती पूड शंभर पावलांवरून ओळखतो. माझ्या कुंपणाच्या आत ती येणार नाही. शब्द दे."

मी शब्द दिला. भागी बादली उचलत होती. तिनं ऐकलं.

मंगळवारी सिस्टर डोळे दाखवायला रत्नागिरीला गेल्या. गुरुवारी संध्याकाळी परतणार होत्या. बुधवारी दुपारी मी तालुक्याच्या एका दुकानातून पुडी आणली. दुकानदारानं ती वर्तमानपत्रात गुंडाळून दिली आणि म्हणाला, "कोंबड्या-बिंबड्या असतील तर दोन-चार दिवस बांधून ठेवा. मेलेल्या गोगलगायी खोल पुरा."

मी तसंच करणार होतो. मी मूर्ख नव्हतो. हे मी नंतर पुष्कळ वेळा स्वतःशी म्हटलं आहे.

संध्याकाळी भागी घरी निघताना मी तिला हाक मारली.

"उद्या-परवा बदकं सोडू नकोस."

"का?"

"नको सोडूस."

"आजारी हायत का?"

"भागी, सांगतो तेवढं कर."

तिनं माझ्याकडे पाहिलं, खुराड्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाली आणि बांधावर उतरली.

का ते मी सांगू शकलो असतो. एका वाक्याचं काम होतं. पण सांगितलं असतं तर ते सिस्टरना कळलं असतं, आणि मला ते नको होतं.

ती दिसेनाशी झाल्यावर मी शेडमागे बसून कोंडा, गूळ आणि ती पूड काठीनं कालवली. वास गोड होता, लाडू वळायला घेतल्यासारखा. अंधार पडायच्या आत वाफ्यांच्या कडेनं मुठी मुठी टाकून झालं. कागद चुलीत जाळला. हात कोपरापर्यंत धुतले.

सकाळी बागेत पाऊल टाकलं आणि थांबलो. मी कल्पना केली होती त्याहून ते जास्त होतं. वाफ्यांच्या मधल्या वाटा शंखांनी भरल्या होत्या. जिवंत गोगलगाय अंग शंखात ओढून बसते. या सगळ्या बाहेर लोंबत होत्या, फेस आलेल्या. मी टोपली घेऊन भरू लागलो. एक टोपली, दुसरी, तिसरी. जायफळाच्या रांगेत दोन साळुंक्या पाय वर करून पडल्या होत्या. पाण्याच्या टाकीजवळ चार बेडूक. मी तेही टोपलीत टाकले आणि वर शंख पसरले.

कुंपणाशी खड्डा काढून सगळं पुरलं. सगळं म्हणजे मला दिसलं तेवढं. पिलं, तांदळाएवढी, चिखलात आणि पानांखाली किती राहिली ते कोण मोजणार? खुराड्यात बदकं कोकलत होती. त्यांना दाणा टाकायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. मला आनंद झाला होता, खरं सांगायचं तर. शेंडे वाचले होते. नऊच्या सुमाराला भागी आली तेव्हा मी रोपवाटिकेचा टेम्पो काढून नावांच्या पाट्या रंगवून आणायला दापोलीला निघालो होतो. जाता जाता ओरडलो, "लक्षात आहे ना?"

तिनं हात वर केला. तो होकार होता की काय, मी थांबून पाहिलं नाही.

परत आलो तेव्हा दीड वाजला होता. पाऊस उघडला होता आणि बाग विलक्षण गप्प होती. फाटकातूनच मला खुराड्याचं उघडं दार दिसलं.

तीन बदकं वाटेवर पडली होती, माना चिखलात लांब केलेली. बाकीची उभी राहायचा प्रयत्न करत होती. एक स्वतःभोवतीच फिरत होतं. चोचीतून दोरीसारखी लाळ लोंबत होती. मी भागीला हाक मारली. उत्तर आलं नाही. टाकीच्या दगडाशी गेलो. दगड नुकता धुतलेला होता आणि खालच्या गवतात पांढरी पिसं होती. ओल्या पिसांचा ढीग, दोन बदकांचा तरी.

मला तेव्हाच सगळं समजलं. मी इथं काहीही लपवणार नाही. जनावर मरायला टेकलं की मरायच्या आत कापायचं, हे कोणत्याही वाडीत कोणीही करेल. ती बदकं आजारी समजून भागीनं दोन कापली, मांस घरी नेलं. श्रावण असला तरी घरात वीस दिवसांची बाळंतीण. मी त्या पिसांकडे बघत उभा राहिलो आणि मनाशी म्हणालो, शिजवल्यावर काही राहत नसेल. उकळल्यावर जातच असेल ते. कुठं वाचलं होतं? कुठंच नाही. पण मी ते स्वतःला दोनदा सांगितलं, आणि मग पिसं गोळा केली. मेलेली तीन बदकं शेडमागे नेली. फावडं घेतलं.

फाटक वाजलं. सिस्टर आल्या होत्या. डॉक्टरांनी लवकर सोडलं, सकाळचीच एसटी मिळाली.

"बदकांना काय झालं?" त्यांनी पिशवीही खाली ठेवली नाही.

"माहीत नाही. रोग असेल. मी आत्ताच आलो."

त्या खाली बसल्या. गोल फिरणारं बदक त्यांनी मांडीवर घेतलं, त्याची मान धरली आणि डोळा उजेडाकडे वळवला. बराच वेळ बघत राहिल्या. मग बदक हळूच खाली ठेवलं.

"काय घातलंस?"

"काही नाही."

"उद्धव, काय घातलंस?"

"सिस्टर, शपथ—"

"शपथ घेऊ नकोस." त्या उठल्या, वाफ्याच्या कडेला वाकल्या, चिमूटभर ओला कोंडा उचलला आणि नाकाशी नेला. मग माझ्या हातातल्या फावड्याकडे पाहिलं. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "भागी कुठाय?"

मी गोळा केलेल्या पिसांच्या ढिगाकडे पाहिलं.

"तिनं कापली?"

"दोन."

"कधी?"

"मी आलो तेव्हा नव्हती. तास झाला असेल. जास्तही असेल."

"आणि तू आलास कधी?"

मी घड्याळाकडे पाहिलं. वीस मिनिटं झाली होती. मी ते सांगितलं. त्यांनी मला मारलं नाही, शिवी दिली नाही. पायातल्या चपला काढल्या, साडी खोचली आणि बांधावरून धावत सुटल्या. त्या साठीच्या होत्या. मी त्यांच्या मागे होतो, पण त्यांना गाठू शकलो नाही.

भागीच्या घरातून मसाल्याचा वास येत होता. ओटीवर वनिता खांबाला टेकून बसली होती. बाळ शेजारच्या झोळीत झोपलेलं. वनिताच्या हनुवटीवरून लाळ गळत होती आणि ती पुन्हा पुन्हा पुसत होती. हाताची बोटं आपोआप उडत होती.

"तिला वारं लागलंय बहुतेक," भागी आतून येत म्हणाली. "घाम बघा कसा. काळीज भाजून दिलं मगाशी, तेवढं खाल्लं आणि..." मग तिनं सिस्टरचा चेहरा पाहिला. "काय झालं?"

सिस्टरनी वनिताची पापणी वर केली. मीही पाहिलं. मला ते बघायचं नव्हतं. मोहरीएवढी.

"टेम्पो आण," त्या मला म्हणाल्या. "रस्त्यावरून. धाव." चुलीवरचं पातेलं त्यांनी अंगणात ओतलं. मी वळलो तेव्हा मागून त्यांचा आवाज ऐकू आला. "आणखी कोणी खाल्लं? भागी, इकडं बघ. तू?"

"नाय. रस्सा शिजतच व्हता."

"बाळाला पाजलं?"

"नाय, ती खायच्या आधीपासून झोपलंय. पण झालंय काय? सिस्टर, सांगा ना!"

शेजारणीकडे बाळ देऊन आम्ही निघालो. मी चालवत होतो, मागे सिस्टर आणि भागी, मधे वनिता आडवी. घाटात एका वळणावर सिस्टरनी मागची काच ठोकली.

"नाव सांग!"

मी गाडी चालवत राहिलो.

"त्या पुडीचं नाव! डॉक्टरला नाव लागतं, नाहीतर तो अर्धा तास शोधत बसेल. कागद कुठाय?"

"जाळला."

"मग तोंडानं सांग!"

आरशात भागी दिसत होती. वनिताचं डोकं तिच्या मांडीवर होतं आणि ती सिस्टरकडे नव्हे, आरशात माझ्याकडे बघत होती. पूड, पुडी, जाळलेला कागद, हे शब्द तिच्या डोक्यात एकमेकांना जोडले जात होते, ते मला दिसत होतं.

मी नाव सांगितलं. मोठ्यानं, दोनदा.

सरकारी दवाखान्यातला डॉक्टर माझ्याच वयाचा होता. नाव ऐकल्याबरोबर त्यानं इंजेक्शन भरलं. मग दर दहा मिनिटांनी एक. सिस्टर तिथं नोकरीला असल्यासारख्या नाडी धरून उभ्या. पाचच्या सुमाराला वनिताची लाळ थांबली. बुबुळं मोठी झाली. तिनं पाणी मागितलं आणि बाळ कुठाय म्हणून विचारलं.

"नाव कळलं म्हणून वाचली," डॉक्टर बाहेर येऊन म्हणाला. "नाहीतर अवघड होतं."

मी भिंतीला टेकलो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मनात आलं, मी तिला वाचवलं. असं खरोखर आलं माझ्या मनात. दोन मिनिटं मी ते मानलंही.

सिस्टर वनिताजवळ थांबल्या. भागीला घरून कपडे आणायचे होते, बाळाचं बघायचं होतं. मी तिला टेम्पोतून परत घेऊन निघालो. ती पुढं माझ्या शेजारी बसली, दाराला चिकटून.

वाडीत शिरलो तेव्हा ऊन कलतीला आलं होतं. भागीच्या अंगणात गुरं उभी होती. दोन गायी आणि एक पाडा. गळ्यातल्या दोऱ्या चिखलात ओढत आलेल्या. ती गोठ्यात गेली नव्हती, कोणी बांधली नव्हती. अंगणातल्या सांडलेल्या रश्श्याला हुंगत उभी होती.

भागी गाडीतून उतरली आणि तिथंच थांबली.

"बाबा कुठं गेले?" ती म्हणाली. कोणालाच उद्देशून नाही. मग तिनं तोंडावर हात घेतला. "साहेब. मी बाबांना दिलं व्हतं. दुसऱ्याचं काळीज. गुरं घेऊन निघाले व्हते, म्हटलं गरम हाय, पानावर घ्या, वाटेत खा... मी ते सिस्टरना सांगितलं नाय. मी विसरले. मी विसरले साहेब."

वाडीतली माणसं त्यांना शोधायला सड्यावर, गुरं चरतात त्या वरच्या कातळी पठारावर गेली. मीही गेलो. कातळावर पाण्याची डबकी होती आणि वर आभाळ मोकळं, पिवळं. धाकूबाबा एका जांभळीच्या बुंध्याशी सापडले. टेकून बसलेले, डोक्यावर घोंगडीची खोळ तशीच. झोपले आहेत असं वाटावं. शेजारी कुड्याचं पान होतं, रिकामं.

कोणी तरी टोपी काढली. कोणी तरी म्हणालं, "ऐंशीच्या पुढं व्हता म्हातारा. पावसात रोज वर यायचा. कधीतरी व्हायचंच." दुसरा म्हणाला, "बसल्या बसल्या गेला. पुण्यवान."

त्या माणसांना वनिताला काहीतरी बाधलं एवढंच माहीत होतं. सिस्टर दवाखान्यात होत्या. मी सगळ्यांबरोबर काठीची डोली धरून खाली आलो. म्हाताऱ्याचा भार एका बाजूनं माझ्या खांद्यावर होता. मी बोलू शकत होतो. बांधावर बोलू शकत होतो, ओहोळ ओलांडताना बोलू शकत होतो. नाही बोललो.

ओटीवर त्यांना ठेवलं. बायका जमल्या. कोणी लाकडांचं बघायला गेलं. रात्र व्हायच्या आत उरकू या, शिवरामला तार करू, तो काही पोचायचा नाही, असं बोलणं चाललं होतं. मी अंगणाच्या कडेला उभा होतो. भागी आतून बाहेर आली आणि बायकांच्या मधून वाट काढत सरळ माझ्यापाशी आली. रडत नव्हती.

"साहेब," ती म्हणाली, "लोक म्हणतायत वय झालं व्हतं. काय करू? वय झालं म्हणून जाळू?"

सगळं अंगण माझ्याकडे बघू लागलं.

मी तिथं सांगितलं. किती शब्दांत, ते आठवत नाही. सांगून झाल्यावर एक माणूस अंगावर आला, दोघांनी त्याला धरलं. पोलीस पाटलांकडे मी स्वतः चालत गेलो. मागे निम्मी वाडी होती.

इथं मला थांबता आलं असतं. कितीतरी वर्षं मी ही गोष्ट सांगताना इथंच थांबत असे. शेवटी खरं बोललेला माणूस म्हणून.

खटला दुसऱ्या वर्षी उभा राहिला. वडिलांनी चांगला वकील दिला. तो कोर्टात उठला आणि म्हणाला, आरोपीनं पुरेशी काळजी घेतली होती. बदकं कोंडून ठेवण्याची स्पष्ट सूचना दिली होती. मोलकरणीनं ती सूचना मोडली, दार उघडलं आणि मालकाची बदकं न विचारता कापून घरी नेली. या मृत्यूचं खरं कारण ते उघडलेलं दार आहे. भागी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी होती. तिला विचारलं, सूचना दिली होती का? ती हो म्हणाली. दार तू उघडलंस का? ती म्हणाली, "सकाळपासून कोकलत व्हती, दाणापण नव्हता..." वकील म्हणाला, हो की नाही एवढंच सांगा. ती हो म्हणाली. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. 'का' म्हणून तिनं विचारलं होतं, हे त्या खोलीत तिला आणि मलाच ठाऊक होतं. मी मान खाली घालून बसलो. मला सहा महिने झाले.

सुटल्यावर मी सिस्टरकडे माझी ट्रंक न्यायला गेलो. त्या थकल्या होत्या. मला चहा दिला, पण फारशा बोलल्या नाहीत. निघताना म्हणाल्या, "भागीला भेटून जा. ती आता कामाला येत नाही."

भागी ओटीवर तांदूळ निवडत होती. मला बघून तिनं सूप बाजूला ठेवलं, आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला आणि माझ्यापासून हातभर लांब ठेवला.

"वनिता बरी हाय," ती म्हणाली. "सासरी हाय. पोर चालायला लागलं."

"शिवराम?"

तिनं सूप पुन्हा मांडीवर ओढलं.

"तुमच्या वकिलाचं बोलणं पेपरात आलं. तिकडं छापखान्यात त्यांनी वाचलं. म्हणजे छापतानाच वाचलं असंल. दार हिनं उघडलं, हिनं माझ्या बापाला मारलं, असं भावकीला पत्रात लिवलं. वर्षश्राद्धाला आले, तेव्हा माझ्याशी बोलले नाय. त्यानंतर घरी आले नाय."

मी तिला काही सांगायला तोंड उघडलं. ती म्हणाली, "पाणी प्या. एसटी चुकंल."

मी एसटीनं साताऱ्याला गेलो नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी लालबागला एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर शिवरामची खोली शोधून काढली. तो रात्रपाळी करून आलेला, बनियनवर होता. मी कोण ते सांगितल्यावर त्यानं मला आतही घेतलं नाही, हाकललंही नाही. मी दारात उभा राहूनच सगळं सांगितलं. दुकानदार काय म्हणाला ते. भागीनं काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं ते. दाणा न टाकल्याचं. पिसांपाशी उभा राहिलो होतो ती वीस मिनिटंही.

तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "हे जज्जापुढं का नाय बोललात?"

"शिक्षा वाढली असती."

"किती?"

"वर्षभर. फार तर दीड."

"वर्षभर," तो म्हणाला. त्यानं ते असं म्हटलं जणू हातात घेऊन वजन बघतोय. खाली चाळीच्या चौकात कोणीतरी नळावर बादली सरकवत होतं.

"जा तुम्ही आता," तो शेवटी म्हणाला.

मी जिन्याकडे वळलो. मागे स्टूल सरकल्याचा आवाज आला. वळून पाहिलं तर तो स्टुलावर चढून माळ्यावरची पत्र्याची बॅग खाली काढत होता. धूळ झटकली आणि दोरीवरचा सदरा घडी घालून तिच्यात ठेवला.